वाचकांचे प्रश्न : संवर्धित पेशींना काय म्हणावे?

लसनिर्मितीवरील मागील लेखानंतर ठाणे आणि नवी मुंबईतून आलेली बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. शरीराबाहेर वाढवलेल्या पेशींसाठी प्रयोगशाळेत, औषधांच्या खोक्यावर आणि वर्तमानपत्रांत जे शब्द वापरले जातात, त्यांचा नेमका अर्थ काय, हा तो विषय. म्हणून या वेळचे सदर पूर्णपणे त्यालाच दिले आहे. काही पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझ्या भाच्याला कुत्रा चावल्यावर त्याला रेबीजची लस दिली. तिच्या खोक्यावर ‘व्हेरो सेल’ असे छापले होते, तर शेजारच्या मुलाला मिळालेल्या लशीवर ‘चिक एम्ब्रियो सेल’ असे होते. रोग एकच असताना पेशी वेगवेगळ्या का? आणि त्यात डावे-उजवे काही आहे का? (एक वाचक, कळवा)

भाच्यापुरते सांगायचे तर डावे-उजवे काही नाही. दोन्ही लशी आधुनिक, पेशीसंवर्धनातून तयार होणाऱ्या लशी आहेत. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुणे आणि डॉक्टरांनी दिलेल्या तारखांना सर्व मात्रा पूर्ण करणे, या दोन गोष्टींना खोक्यावरच्या शब्दांपेक्षा कितीतरी अधिक महत्त्व आहे.

मात्र त्या शब्दांना अर्थ निश्चित आहे. विषाणू स्वतंत्रपणे वाढत नाही, त्याला जिवंत पेशी लागते. आपल्याकडे पूर्वी ही पेशी मेंढीच्या मेंदूतील असे. पोटात घेतल्या जाणाऱ्या त्या चौदा इंजेक्शनांची आठवण घरोघरच्या वडीलधाऱ्यांना अजून आहे. त्या लशीमुळे काही रुग्णांच्या मज्जासंस्थेवर गंभीर दुष्परिणाम होत, म्हणून ती बंद झाली आणि तिची जागा भांड्यात वाढवलेल्या पेशींनी घेतली. या पेशी तीन प्रकारच्या आहेत, आणि योगायोग असा की रेबीजच्या तीन लशी म्हणजे संवर्धित पेशींच्या तीन मूलभूत संज्ञांचा वस्तुपाठच आहे.

कोंबडीच्या फलित अंड्यातील भ्रूण घेऊन, त्याच्या ऊती विकराने सुट्या करून त्यांतील पेशी थेट भांड्यात वाढवल्या, तर ते ‘प्राथमिक संवर्धन’ होय. पेशी प्राण्याच्या शरीरातून निघाल्या आणि पहिल्यांदाच काचेच्या किंवा प्लास्टिकच्या पृष्ठभागावर स्थिरावल्या, एवढाच त्यांचा इतिहास असतो. त्या फार काळ टिकत नाहीत, त्यामुळे प्रत्येक नव्या बॅचसाठी नवी अंडी आणावी लागतात.

दुसरी लस ‘ह्यूमन डिप्लॉइड सेल’ या नावाने ओळखली जाते. तिच्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एमआरसी-५ या पेशी १९६६ मध्ये ब्रिटनमध्ये मानवी गर्भाच्या फुप्फुसातून वेगळ्या केल्या गेल्या. त्यांच्यात मानवी पेशीची नेहमीची ४६ गुणसूत्रे असतात आणि त्या पुन्हा पुन्हा विभागतात, पण अमर्याद काळ नव्हे. ठरावीक विभाजनांनंतर त्या थांबतात, म्हणून त्यांना ‘मर्यादित’ म्हणतात.

तिसरी व्हेरो. जपानमधील चिबा विद्यापीठात १९६२ मध्ये यासुमुरा आणि कावाकिता यांनी आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातून या पेशी मिळवल्या; एस्पेरांतो भाषेतील ‘हिरवे मूत्रपिंड’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्यांचे नाव पडले. या पेशी आजही वाढत आहेत. विभाजनाची कोणतीही मर्यादा दिसत नाही, अशा संवर्धनाला ‘सातत्यशील’ म्हणतात. शिवाय विषाणूची चाहूल लागताच बहुतेक पेशी इंटरफेरॉन हे विषाणूरोधक प्रथिन तयार करतात, ती क्षमता व्हेरो पेशींत नाही, त्यामुळे त्यांच्यात अनेक विषाणू जोमाने वाढतात. कोव्हॅक्सिनचा विषाणूही व्हेरो पेशींतच वाढवला जात असे.

लशीच्या कुपीत माकडाच्या पेशी असतात का, अशी शंका याच पत्राच्या तळटिपेत आहे. पेशींत वाढलेला विषाणू बाहेर काढून, निष्क्रिय करून, शुद्ध केला जातो. जिवंत पेशी कुपीत जात नाहीत आणि पेशींचे अवशेष ठरवून दिलेल्या मर्यादेच्या खाली आणावे लागतात.

प्रश्न : मी ऐरोलीला राहते आणि जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. करते. आमच्या एका शिक्षकांच्या मते मर्यादित आयुष्याच्या पेशींना ‘सेल स्ट्रेन’ आणि अमर पेशींना ‘सेल लाइन’ म्हणावे. दुसऱ्या शिक्षिका म्हणतात की पहिल्या उपसंवर्धनानंतर (म्हणजे पेशी पहिल्यांदा नव्या भांड्यात हलवल्यानंतर) सगळ्यांनाच सेल लाइन म्हणतात. परीक्षेत काय लिहावे?

आपल्या दोन्ही शिक्षकांच्या म्हणण्याला आधार आहे. फरक इतकाच की ते वेगवेगळ्या काळची व्याख्या सांगत आहेत.

१९६१ मध्ये फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी मानवी पेशींवरील आपला प्रसिद्ध निबंध लिहिला, तेव्हा त्यांनी मूळ गुणसूत्रसंख्या टिकवून ठेवणाऱ्या आणि मर्यादित काळ विभागणाऱ्या पेशींना ‘स्ट्रेन’ म्हटले, तर अमर्याद वाढणाऱ्या, बहुतेक वेळा गुणसूत्रे विस्कटलेल्या पेशींसाठी ‘लाइन’ हा शब्द राखून ठेवला. त्या काळात हा भेद अत्यंत उपयुक्त होता, कारण लशीसाठी कोणत्या पेशी सुरक्षित, हा वाद तेव्हा ऐन भरात होता. आपल्या पहिल्या शिक्षकांची व्याख्या ही आहे.

पुढे अमेरिकेतील टिश्यू कल्चर असोसिएशनच्या परिभाषा समितीने शब्दांची फेरमांडणी केली, आणि १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या यादीनुसार प्राथमिक संवर्धनाचे पहिले यशस्वी उपसंवर्धन होताच त्यातून ‘सेल लाइन’ जन्माला येते. ती मर्यादित आहे की सातत्यशील, हे माहीत असेल तर तसे विशेषण लावावे आणि माहीत नसेल तर नुसते ‘सेल लाइन’ म्हणावे. ‘प्रस्थापित’ हे जुने विशेषण समितीने मागे टाकून त्याच्या जागी ‘सातत्यशील’ आणले. ‘स्ट्रेन’ हा शब्द वेगळ्याच कामासाठी ठेवला : एखाद्या विशिष्ट गुणधर्माच्या किंवा खुणेच्या पेशी निवडून अथवा एकाच पेशीपासून क्लोन करून जो समूह मिळवला, तो स्ट्रेन. म्हणजे स्ट्रेन म्हटले की कोणीतरी निवड केली आहे आणि ती कशाच्या आधारे केली हे सांगता येते, असे गृहीत धरले जाते.

परीक्षेत ही दुसरी व्याख्या लिहावी, आणि जागा असेल तर १९६१ चा वापरही एका वाक्यात नोंदवावा. मला स्वतःला १९९० ची मांडणी अधिक प्रामाणिक वाटते, कारण ती पेशींबद्दल आपल्याला जेवढे ठाऊक आहे तेवढेच बोलायला लावते. मर्यादित की सातत्यशील हे पहिल्या महिन्यात कोणालाच सांगता येत नाही. उपसंवर्धन झाले की नाही, हे मात्र नोंदवहीत पाहून कोणालाही सांगता येते.

‘पहिले यशस्वी उपसंवर्धन’ हा उंबरठा इतका महत्त्वाचा का, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की पटते. फ्लास्कच्या तळाला चिकटलेल्या पेशी चपट्या, लांबट, शेजारणीला खेटून बसलेल्या असतात. जुने पोषक माध्यम ओतून टाकायचे, त्यातल्या सीरमचा (रक्तद्रवाचा) अंश राहू नये म्हणून क्षारद्रावणाने धुवायचे, कारण पेशी सुट्या करणाऱ्या ट्रिप्सिन या विकराला सीरम निष्प्रभ करते, आणि मग थोडे ट्रिप्सिन घालून फ्लास्क ३७ अंशांवर ठेवायचा. दोन-तीन मिनिटांत कडा आत ओढल्या जातात, पेशी गोल आणि चकचकीत होतात, आणि फ्लास्कला बाजूने हलकी थाप दिली की त्या सुटून तरंगू लागतात. या पेशी मोजून नव्या फ्लास्कमध्ये टाकल्या जातात. तेथे ज्या पुन्हा चिकटतात आणि विभागतात, त्यांचीच प्रजा उरते. प्राथमिक संवर्धनात ऊतीतल्या अनेक प्रकारच्या पेशी असतात; पहिल्याच उपसंवर्धनात त्यांतील न विभागणाऱ्या मागे पडतात आणि भराभर वाढणाऱ्या, बहुधा फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीतील पेशी), पुढे जातात. दुसऱ्या फ्लास्कमधील समूह पहिल्यासारखा राहिलेला नसतो, म्हणूनच त्याला नवे नाव लागते.

प्रश्न : रबाळे औद्योगिक वसाहतीतील एका जैवऔषध कंपनीत मी गुणवत्ता विभागात काम करतो. आमच्या कागदपत्रांत कोठे ‘पॅसेज नंबर’ तर कोठे ‘पॉप्युलेशन डबलिंग’ असते. दोन्ही आकडे पेशींचे वयच सांगतात ना?

नाही, आणि या दोन आकड्यांची गल्लत झाली तर ती नुसत्या भाषेची चूक राहत नाही.

पॅसेज म्हणजे पेशींची एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात बदली. उपसंवर्धन हा त्याचाच समानार्थी शब्द. पॅसेज नंबर ही बदली किती वेळा झाली ते सांगतो, तर पॉप्युलेशन डबलिंग म्हणजे पेशींची संख्या किती वेळा दुप्पट झाली तो आकडा. दह्याचे उदाहरण येथे तंतोतंत लागू पडते : वाटीभर दुधाला चमचाभर विरजण लावले किंवा थेंबभर लावले, तरी दही ‘एकदाच’ लागते, पण थेंबातून तेवढेच दही व्हायला जिवाणूंना कितीतरी जास्त पिढ्या घालाव्या लागतात.

आता आकडे घेऊ. एका फ्लास्कमधील पेशी दोन फ्लास्कमध्ये वाटल्या आणि दोन्ही पुन्हा भरले, तर एका पॅसेजमध्ये एकच दुप्पट झाली. आठ फ्लास्कमध्ये वाटल्या तर एका पॅसेजमध्ये तीनदा, कारण दोनाचा तिसरा घात आठ. मानवी गर्भाच्या फुप्फुसातील मर्यादित पेशी सुमारे ५० वेळा दुप्पट होऊन थांबतात. एका प्रयोगशाळेने एकास दोन या प्रमाणात वीस पॅसेज केले तर तिच्या पेशींनी वीस दुप्पटी पूर्ण केल्या, म्हणजे त्या ऐन उमेदीत आहेत. दुसरीने एकास आठ या प्रमाणात वीस पॅसेज करण्याचे ठरवले तर तिला साठ दुप्पटी लागतील, आणि पेशी त्याआधीच थांबलेल्या असतील. दोन्ही ठिकाणी फ्लास्कवर ‘पी २०’ असेच लिहिण्याचा बेत असतो. म्हणूनच परिभाषा समितीने असा आग्रह धरला की पॅसेज नंबर देताना वाटणीचे प्रमाणही द्यावे.

दुप्पटींची गणना करण्यासाठी शेवटी मिळालेल्या पेशींच्या संख्येला सुरुवातीला घातलेल्या संख्येने भागावे, त्या भागाकाराचा दहा पायावरील लॉगरिदम घ्यावा आणि त्याला ३.३२ ने गुणावे. अडीच लाख पेशी घातल्या आणि वीस लाख मिळाल्या, तर भागाकार आठ आणि उत्तर तीन. हा हिशेबही थोडा कमीच भरतो, कारण घातलेल्या सगळ्या पेशी चिकटतातच असे नाही. ज्या जगल्या त्यांना प्रत्यक्षात अधिक वेळा विभागावे लागते.

सातत्यशील पेशींना, म्हणजे तुमच्या कंपनीत बहुधा असणाऱ्या चिनी हॅम्स्टरच्या बीजांडकोशाच्या सीएचओ पेशींना, ५० ची मर्यादा नाही. तरीही त्या बदलत राहतात, जनुके गमावतात, उत्पादन कमी करतात. म्हणून आधी मास्टर सेल बँक म्हणजे पेशींचा मूळ साठा, तिच्यातून वर्किंग सेल बँक म्हणजे वापरायचा साठा, द्रव नायट्रोजनमध्ये गोठवलेल्या कुप्या आणि त्यापुढे उत्पादनासाठी पेशींच्या वयाची आखून दिलेली कमाल मर्यादा, अशी व्यवस्था असते. ती मर्यादा कागदावर कोणत्या एककात लिहिली आहे, हे आपल्या विभागाने प्रत्येक दस्तऐवजात तपासावे.

शिस्त नावातच कोरून ठेवल्याचे एक उदाहरण सांगण्याचा मोह आवरत नाही. १९६३ मध्ये जॉर्ज टोडारो आणि हॉवर्ड ग्रीन यांनी उंदराच्या भ्रूणातून मिळवलेल्या पेशी दर तीन दिवसांनी, प्रत्येक बशीत तीन लाख या हिशेबाने बदलत नेल्या. म्हणून त्या पेशींचे नाव ३टी३; त्यातला ‘टी’ म्हणजे ट्रान्सफर, बदली.

प्रश्न : घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सोसायटीच्या बागेसाठी ‘टिश्यू कल्चर’ची केळी आणली. पेशीसंवर्धन आणि हे एकच का?

व्यापक अर्थाने एकच कूळ. ‘टिश्यू कल्चर’ हा जुना, सर्वसमावेशक शब्द असून त्यात पेशी, ऊती आणि अवयव यांचे शरीराबाहेरील संवर्धन येते. तुमच्या केळीच्या बाबतीत खोडाच्या वाढत्या टोकाचा तुकडा निर्जंतुक माध्यमात ठेवून त्यापासून अनेक रोपे केली जातात. वनस्पतीच्या तुकड्यापासून पूर्ण झाड उभे राहते. प्राण्याच्या मूत्रपिंडातील किंवा त्वचेतील पेशी भांड्यात कितीही वाढवल्या तरी त्यांच्यापासून प्राणी उभा राहत नाही.

प्रश्न : ‘हेला’ या अमर पेशींविषयी वाचले. अमर झालेली पेशी म्हणजे कर्करोगाची पेशी, असेच समजायचे का? (एक निवृत्त शिक्षक, नौपाडा, ठाणे)

असे समजू नये. वर्तमानपत्रांत हे दोन शब्द इतक्या वेळा जोडीने येतात की ते समानार्थी वाटू लागतात, पण ‘अमर’ हा शब्द विभाजनाच्या संख्येविषयी बोलतो आणि ‘कर्करोगी’ हा शब्द वर्तनाविषयी.

आधी हेला. हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय अमेरिकन महिलेच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात या पेशी घेतल्या गेल्या, तेही तिला न विचारता. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या वाढत राहिल्या. लॅक्स मात्र त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला वारल्या. पेशींविषयी बोलताना या स्त्रीचे नाव घेतले पाहिजे, असे मला मनापासून वाटते. हेला पेशी अमर आहेत आणि कर्करोगीही आहेत, आणि गोंधळाचे मूळ येथेच आहे : सर्वांत प्रसिद्ध उदाहरणात दोन्ही गुण एकत्र आले.

त्यापूर्वी कित्येक दशके उलटाच समज रूढ होता. अलेक्सिस कॅरेल यांनी १९१२ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत कोंबडीच्या भ्रूणाच्या हृदयातील पेशींचे संवर्धन सुरू केले आणि ते १९४६ पर्यंत चालू ठेवले गेले. त्यावरून कोणतीही पेशी योग्य पोषणावर अमरच असते, असे मानले गेले. हेफ्लिक आणि मूरहेड यांनी हा समज मोडला. माध्यमातील एखादे विष किंवा विषाणू पेशींना मारत असेल, ही शंका दूर करण्यासाठी त्यांनी पुरुषाच्या वयस्क पेशी आणि स्त्रीच्या तरुण पेशी एकाच भांड्यात एकत्र वाढवल्या. काही काळाने भांड्यात फक्त स्त्रीच्या पेशी उरल्या. माध्यम दोघींना एकच होते. थांबल्या त्या केवळ जुन्या पेशी. कॅरेल यांच्या भांड्यात पोषणासाठी घातल्या जाणाऱ्या भ्रूणाच्या अर्कातून नव्या पेशी मिसळत असाव्यात, असा संशय त्यामुळे पुढे घेतला गेला.

पेशी का थांबते, याचे मुख्य कारण गुणसूत्रांच्या टोकांशी असलेले टेलोमिअर प्रत्येक विभाजनात आखूड होत जाते, हे आहे. टेलोमरेज हे विकर ते पुन्हा वाढवते. या संशोधनाला २००९ चे नोबेल मिळाले. १९९८ मध्ये सामान्य मानवी पेशींत टेलोमरेजचे जनुक घालण्यात आले, तेव्हा त्या आपली नेहमीची मर्यादा ओलांडून विभागत राहिल्या, पण त्यांची गुणसूत्रे नीट राहिली आणि वर्तनही सभ्यच राहिले. ही ‘अमरीकरण’ झालेली, पण कर्करोगी नसलेली पेशी.

कर्करोगाकडे जाणाऱ्या बदलासाठी ‘ट्रान्सफॉर्मेशन’ म्हणजे रूपांतरण असा स्वतंत्र शब्द आहे. रूपांतरित पेशी शेजारणीचा स्पर्श झाल्यावर थांबत नाहीत, थरावर थर चढवतात, चिकटायला पृष्ठभाग नसला तरी जेलीसारख्या मऊ अगारमध्ये वाढतात. आणि रोगप्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरात टोचल्यावर गाठ निर्माण झाली तरच त्यांना दुर्दम, म्हणजे कर्करोगी, म्हणावे. जिवाणूंच्या बाबतीत मात्र ‘ट्रान्सफॉर्मेशन’ म्हणजे बाहेरचा डीएनए आत घेणे. तीच क्रिया प्राणिपेशीत झाली की तिला ‘ट्रान्सफेक्शन’ म्हणतात, ते मुख्यतः हा घोटाळा टाळण्यासाठीच. आपण विज्ञान शिकवले असल्याने हा फरक आपल्याला विशेष रुचेल.

प्रश्न : सांधेदुखीसाठी माझी एएनए चाचणी (पेशीच्या केंद्रकाला चिकटणाऱ्या प्रतिपिंडांची रक्तचाचणी) झाली. अहवालात ‘एचईपी-२ पेशींवर’ असे लिहिले आहे. माझी मुलगी खारघरला संशोधन करते. ती म्हणते की एचईपी-२ या पेशी मुळात वेगळ्याच आहेत. मग अहवालावर विश्वास ठेवावा का? (एक वाचक, वाशी)

आपल्या मुलीचे म्हणणे बरोबर आहे, आणि तरीही अहवालावर विश्वास ठेवावा.

एचईपी-२ या पेशी १९५० च्या दशकात स्वरयंत्राच्या कर्करोगातील म्हणून नोंदवल्या गेल्या. हेला पेशी अतिशय झपाट्याने वाढतात. एकच पिपेट दोन बाटल्यांत बुडाली, तरी काही आठवड्यांत दुसऱ्या बाटलीत केवळ हेलाच उरू शकतात. १९६६ मध्ये स्टॅन्ली गार्टलर यांनी निरनिराळ्या अवयवांच्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या अनेक सेल लाइन्समध्ये एका विकराचे तेच रूप दाखवून दिले, जे आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळते आणि हेलात आहे. पुढे डीएनए चाचण्यांनी हे पक्के झाले. एचईपी-२ आणि यकृताच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ‘चँग लिव्हर’ पेशी या दोन्ही वस्तुतः हेला आहेत. चुकीची ओळख असलेल्या अशा सेल लाइन्सची आंतरराष्ट्रीय यादी ठेवली जाते आणि तिच्यात ५०० हून अधिक नावे आहेत.

संशोधनात याचा परिणाम गंभीर होतो. चँग लिव्हर पेशींवर एखादे औषध तपासून ‘यकृताच्या पेशींवर परिणाम दिसला’ असे लिहिले, तर ते विधान गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी असते. म्हणून आपल्या मुलीने प्रबंधात नुसते सेल लाइनचे नाव न देता ती कोठून घेतली (आपल्याकडे बहुधा पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या संग्रहातून), किती पॅसेज व कोणत्या प्रमाणात झाले, पेशींची ओळख पटवणारी डीएनएची एसटीआर चाचणी कधी केली आणि मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूंचा संसर्ग नाही हे कधी तपासले, इतके अवश्य लिहावे.

एएनए चाचणीचा प्रश्न वेगळा आहे. तेथे आपल्या रक्तातील प्रतिपिंडे मानवी पेशीच्या केंद्रकाला चिकटतात का, एवढेच पाहायचे असते, आणि त्यासाठी मोठे, ठळक केंद्रक असलेली, विभाजनाच्या निरनिराळ्या अवस्था दाखवणारी मानवी पेशी पुरते. ती स्वरयंत्रातून आली की गर्भाशयमुखातून, याने चाचणीच्या निकालात फरक पडत नाही. निकाल ‘पॉझिटिव्ह’ असला तरी केवळ त्यावरून आजार ठरत नाही, कारण कमी प्रमाणातील एएनए निरोगी माणसांतही आढळते. टायटर (प्रतिपिंडांचे प्रमाण) आणि पॅटर्न (ती पेशीत कशी चिकटलेली दिसतात) या दोन नोंदी अहवालावर आहेत ना ते पाहून तो संधिवाततज्ज्ञांना दाखवावा.